सॅन्टनच्या टिकल्या

गिरीजच्या बावखलावरच्या वाचनालयातून मागितलेलं पुस्तक घेऊन बाहेर पडलेला माणूस कुणी पाहिला असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. वीसेक वर्षं तरी असा कुणी पुढे आला नसता. कारण टेबलामागे सॅन्टन तुस्कानो बसलेला असे, आणि मागितलं तेच काढून हातात द्यायचं ही त्याच्या मते किराणा दुकानाची रीत. "गूळ मागितला, गूळ दिला. त्याला डोकं कशाला लागतं?" असं तो म्हणे.

बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. त्याच्या काठावर, केळीच्या बागेला पाठ लावून, वाचनालयाची कौलारू खोली. सॅन्टनला ग्रंथपाल कुणी केलं? त्याच्या घराने केलं. वाचनालय निघालं तेव्हा किल्ली कुणाकडे ठेवायची यावर कमिटीत भांडणं झाली, आणि शेवटी सगळ्यांत जवळचं घर सॅन्टनचं म्हणून किल्ली त्याच्याकडे गेली. सॅन्टन सातवी शिकलेला. बापाची वाडी होती, पण केळीला पाणी लावायचा त्याला मनापासून कंटाळा. किल्ली कमरेला आली आणि त्याला उमगलं की आपण पाणी लावायला जन्मलेलोच नाही. आपण अडवायला जन्मलोय.

त्याची पद्धत अशी. वाचक दारात आला की सॅन्टन आधी त्याचे पाय बघे. पायाला चिखल असेल तर हा शिंपण्यातून उठून आलाय, याला जाड पुस्तक पेलणार नाही. पायात बूट असतील तर हा वाचणारा नव्हे, नुसती नावं सांगणारा. मग तो चेहऱ्याकडे बघे, नाकातून एक 'हं' काढी आणि हात पाठीमागे बांधून कपाटांकडे जाई. जे आणील ते निमूट न्यायचं. नको असेल तर बाहेर बावखल आहे, बेडूक मोजत बसा.

निवृत्त झालेल्या म्हात्रे गुरुजींनी एकदा कवितांचं पुस्तक मागितलं. गुरुजींच्या घरी कोंबड्या आहेत हे सॅन्टनला ठाऊक. त्याने कुक्कुटपालन काढून दिलं.

"अरे सॅन्टन, मी कविता म्हणालो."

"गुरुजी, जन्मभर पोरांकडून कविता घोकून घेतल्यात. एक तरी पोर परत येऊन म्हणून दाखवतं? कोंबडी निदान अंडं देते."

गुरुजी गरीब माणूस, घेऊन गेले. त्या पावसाळ्यात त्यांच्या सगळ्या कोंबड्या मेल्या, आणि त्याही पुस्तकात लिहिल्याबरहुकूम औषधपाणी होऊन मेल्या. सॅन्टनने दोष गुरुजींच्या वाचनाला दिला.

लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या मायकलला शिकारीच्या गोष्टी हव्या होत्या. त्याला मिळालं 'श्वसनाचे विकार'. मायकलने ते इतकं मन लावून वाचलं की पुढची दोन लग्नं तो नुसता गाल फुगवून उभा राहिला, आवाज दुसऱ्यांनी काढला.

एवढी माणसं वाचायच्या लायकीची नाहीत हे ठरवणारा सॅन्टन स्वतः काय वाचत असेल? तो फक्त शेवटचं पान वाचे. नवं पुस्तक आलं की कपाटापाशी उभ्याउभ्याच मागून उघडायचं, शेवटचं पान वाचायचं आणि मिटवायचं. "बाकीची पानं म्हणजे लेखकाने शेवटापर्यंत पोचायला घेतलेला वेळ," असं त्याचं म्हणणं. "त्याला वेळ लागला, म्हणून मी का घालवू?" अशा रीतीने त्याने अख्खं वाचनालय पालथं घातलं होतं. कुठल्या कादंबरीत कोण मरतं, कुणाचं लग्न होतं, खून कोणी केला, सगळं त्याच्या जिभेवर. आणि एखादा वाचक फार आवडीने पुस्तक छातीशी धरून निघाला की हा मागून सहज म्हणे, "वाच वाच. ती शेवटी विहिरीत उडी घेते."

घरी बायको सालोमी. वाडी तीच बघायची, मोगऱ्याच्या कळ्या खुडायची तीच, केळीचे घड उतरवून घेणारी तीच. तिला वाचायचा नाद. आणि गावात सगळ्यांत कमी मान तिला. नवऱ्याच्या वाचनालयातून तिला हवं ते पुस्तक जन्मात मिळालं नाही. (दोघांची घरातली बोली वेगळी. ती इथे जशीच्या तशी छापली तर वसईबाहेरचा माणूस पहिल्याच ओळीत अडखळून पडेल, म्हणून साध्या मराठीत.)

"ती जाड कादंबरी आण ना रे मला. खिडकीजवळच्या कपाटात आहे ती."

"ती तुझ्यासारखीला नाही."

"मग माझ्यासारखीला काय आहे?"

"हे घे. लोणची."

"लोणची मी तुझ्या आईला शिकवली!"

पण शेवटी लोणचीच वाचावी लागली. एका माणसाच्या तोऱ्यापायी बाईने सहा प्रकारच्या लोणच्यांची पुस्तकं वाचली, आणि रागाने त्यातलं एकही करून बघितलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कमिटीचा अध्यक्ष झाला कौस्तुभ नाईक. वाडीवाल्या नाईकांचाच मुलगा, पण अंधेरीच्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. केळीच्या बागेत जन्म घेतलेला हा मनुष्य केळंसुद्धा काट्याने खायला लागला होता, असं लोक सांगत. खरंखोटं सॅन्टन जाणे, कारण ही बातमी पसरवणारा तोच. कौस्तुभने कमिटीपुढे पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. प्रत्येक पुस्तकात एक टॅग, प्रत्येक सभासदाला एक कार्ड, टेबलावर एक यंत्र, दाराला एक पहारेकरी चौकट. आणि गिरीज, सोपारा गाव आणि तुळिंज अशी तीन वाचनालयं एकमेकांना तारेने जोडलेली. तुळिंजच्या माणसाने तिथे बसून गिरीजचं पुस्तक मागायचं, इथल्या पडद्यावर मागणी उमटणार, हिरव्या पिशवीत घालून पुस्तक रिक्षाने जाणार, आणि पोचल्याचा निरोप वाचकाच्या मोबाइलवर.

कमिटीतले निम्मे चहा येण्याची वाट बघत होते, निम्म्यांना काही कळलं नव्हतं. सगळ्यांनी एकमताने हात वर केले.

"आणि सॅन्टनमामा?" कुणीतरी विचारलं.

"मामांनी बसायचं," कौस्तुभ म्हणाला. "खुर्ची आहेच. काही अडलं तर सांगायचं. कुणाची तक्रार आली नाही म्हणजे झालं."

सॅन्टनने ते ऐकलं. वाक्यात गोड बोलणं किती आणि धमकी किती, हे त्याने बरोबर तोललं.

उद्घाटन झालं ते सन दोन हजार सातच्या गणपतीनंतर. खोलीला रंग, दाराला झेंडूची तोरणं, मायकलचा बँड. कार्डं वाटली. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेली ती चौकोनी चिप बघून बायकांनी तिला 'टिकली' नाव ठेवलं, आणि तेच रूढ झालं. कौस्तुभ 'टॅग टॅग' करत राहिला, गाव टिकलीच म्हणत राहिलं. प्रमुख पाहुण्यांना वाचनालयातलंच एक पुस्तक भेट दिलं, पण ते यंत्रातून काढून द्यायचं राहिलं. पाहुणे पुस्तक काखेत मारून चौकटीतून बाहेर पडले मात्र, चौकट अशी किंचाळली की दोन म्हाताऱ्या खाली बसल्या. मायकलला वाटलं हाच इशारा. त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं. मागून ढोल. पाहुणे चोर ठरून उभे, चौकट बोंबलतेय, आणि बँड लग्नातलं वरातीचं गाणं वाजवतोय. सॅन्टन खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. इतकं सुख त्याला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

सुख तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून कपाटांची कुलपं निघाली. माणसं आत शिरायला लागली, हात लावायला लागली, पानं उलटून बघायला लागली. यंत्रावर पुस्तक ठेवायचं, कार्ड दाखवायचं, 'टिंग' झालं की निघायचं. पाय कुणी बघत नव्हतं. गुरुजी कवितांची दोन पुस्तकं घेऊन गेले आणि जाताना सॅन्टनला 'येतो हं' म्हणाले. त्या 'हं'मधला गोडवा त्याच्या चांगलाच जिव्हारी लागला.

आणि सालोमी आली. फुलं विकून परतताना, डोक्यावरची टोपली दाराशी ठेवून. खिडकीजवळच्या कपाटातून तिने ती जाड कादंबरी काढली, यंत्रावर आदळली. टिंग.

"सालोमी," सॅन्टन म्हणाला, "ती शेवटी..."

"गप. काय ते मला कळू दे. तुझ्याकडून कळलं तर रात्रीचा भात तूच लाव."

घरात ती कादंबरी पंधरा दिवस चालली. सालोमी चुलीपाशी वाचे, हसे, मधेच डोळे पुसे, आणि काय झालं विचारलं तर "तुझ्यासारख्याला नाही ते" म्हणे.

फक्त भारनियमनाच्या वेळात सॅन्टन पुन्हा राजा होई. दुपारी वीज गेली की यंत्र मान टाकी, चौकट मुकी होई, पडदा काळा. मग तो उठून कपाटांपुढे येरझाऱ्या घाली. पण लोकही हुशार झाले होते. वीज नसताना वाचनालयाकडे कुणी फिरकत नसे. शेती, दळण, मयत, काय हवं ते त्या वेळात उरकत, पुस्तकाला मात्र विजेबरोबरच येत.

राहिल्या त्या पडद्यावरच्या मागण्या. त्यांनीच त्याला नादाला लावलं.

तुळिंजची माणसं त्याने धड पाहिलेलीही नव्हती. सोपाऱ्याच्या पूर्वेला त्या इमारतींच्या गर्दीत माणसं खोक्यात ठेवल्यासारखी राहतात, सकाळी मुंबईला जातात, संध्याकाळी चेहरा तिकडेच ठेवून परत येतात, असं त्याचं ठाम मत. आणि ही माणसं तिकडे बसून याला हुकूम सोडत होती. पडद्यावर ना पाय, ना चेहरा. नुसता कार्डाचा आकडा, वाचकाचं नाव आणि पुस्तकाचं. 'मळेकरांच्या बंगल्यातला मृत्यू' पाठवा.

"कोण तू?" सॅन्टनने पडद्याला विचारलं. पडदा काय सांगणार? त्यावर बाईचं नाव येई, पण आडनाव अर्धंच. "काय म्हणून तुला खून वाचायचाय? ऑफिसात फाईल फिरवतेस, घरी येऊन कुकर लावतेस. तुला खून कशाला?"

त्याने कपाटातून 'केळीवरील रोग व उपाय' काढलं आणि पिशवीत टाकायला गेला. यंत्राने लाल दिवा लावला. मागणी एका पुस्तकाची, टिकली दुसऱ्याची. चालणार नाही.

त्या दिवशी सॅन्टन बराच वेळ यंत्राकडे बघत बसला. वीस वर्षं माणसांकडे जसं बघत आला तसाच, आधी पाय, मग तोंड. आणि त्याला यंत्राचं मर्म सापडलं. हे गाढव पुस्तक बघतच नाही. याला मुखपृष्ठ दिसत नाही, नाव दिसत नाही, जाड-बारीक कळत नाही. याला फक्त टिकली कळते. टिकली लावून वीट दिली तरी हे टिंग म्हणेल.

चहाच्या पातेल्यावर वाफ आली की पुठ्ठ्याची आतली बाजू जरा धरायची. टिकली अलगद सुटते. मग दोन्ही पुस्तकांच्या टिकल्या अदलाबदल, थोडा डिंक, वर हाताने दाब. 'केळीवरील रोग' यंत्रावर ठेवलं. टिंग, हिरवा दिवा. पडद्यावर 'मळेकरांच्या बंगल्यातला मृत्यू, तुळिंजकडे रवाना'. सॅन्टन इतका खूश झाला की त्याने यंत्राच्या डोक्यावर थोपटलं.

मग त्याला थांबवणार कोण? तुळिंजहून प्रेमकथा मागितली, गेलं 'विहिरी कशा खोदाव्यात'. सोपाऱ्याहून प्रवासवर्णन मागितलं, गेलं नामजपाचं माहात्म्य. एका कुटुंबाने स्वयंपाकाचं मागितलं त्यांना त्याने युद्धाचं पाठवलं, कारण ज्या घरात स्वयंपाक पुस्तकात बघून होतो तिथे पुढे तेच होणार. आणि पडद्यावर सगळं साफ. कौस्तुभ महिन्याच्या बैठकीत छाती फुगवून सांगे, "आपल्या मागण्या एकूणएक अचूक पूर्ण झाल्यात. सिस्टीममध्ये एकही चूक नाही."

लोक बहुतेक गप्प राहिले, हे यातलं खरं नवल. मागितलेलं न मिळाल्यावर वसईपासून विरारपर्यंतच्या माणसाने भांडायला हवं की नको? पण यंत्राने दिलंय म्हटल्यावर जो तो स्वतःलाच मूर्ख समजला. आपणच चुकीचं बटण दाबलं असेल. एका गृहस्थाने तर विहिरींचं पुस्तक वाचून संपवलं, चौथ्या मजल्यावर राहून.

गप्प राहिली नाही ती एकटी सुमेधा खानविलकर. मूळची चिपळूणची, तुळिंजला फ्लॅट, चर्चगेटला विमा कंपनीत नोकरी. 'मळेकरांचा बंगला' मागितला तर केळीचे रोग आले. परत पाठवून पुन्हा मागितला तर गुरांचं लसीकरण आलं. तिसऱ्यांदा भजनं. तिने अध्यक्षांना फोन लावला.

"मॅडम, मी आत्ताच बघतोय," कौस्तुभ म्हणाला. "सिस्टीमप्रमाणे 'मळेकरांच्या बंगल्यातला मृत्यू' तुमच्याकडेच आहे."

"माझ्या हातात भजनं आहेत."

"पण इथे तसं दाखवत नाहीये, मॅडम."

"मग तुमच्या सिस्टीमला म्हणावं एक अभंग म्हणून दाखव."

"तुम्ही एकदा नीट बघता का? कव्हर बदललं असेल."

"दोनशे पानं टाळ वाजतायत, आणि तुम्ही कव्हर बदललं म्हणताय? मी येतेय. तिथेच थांबा. आणि जो कोणी पुस्तकं भरतो त्यालाही थांबवा."

रविवारी ती आली. कौस्तुभने कमिटीला बोलावलं होतं. गोष्ट आता खुर्चीवर आली आहे हे गावाला कळलं होतं, त्यामुळे रविवारची प्रार्थना आटोपून चर्चमधून सुटलेले लोकही वाचनालयात घुसले. गुरुजी आले, मायकल आला, टोपली दाराशी ठेवून सालोमी आली. सॅन्टन खुर्चीत ताठ बसून होता. तक्रार आली तर खुर्ची जाणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्याने आधी बाईचे पाय बघितले. साध्या चपला, पट्टा एकदा शिवलेला. या पायांवरून काहीच काढता येईना, याचा त्याला राग आला.

सुमेधाने भजनांचं पुस्तक यंत्रावर ठेवलं. टिंग. पडद्यावर 'मळेकरांच्या बंगल्यातला मृत्यू'.

"वाचा," ती कौस्तुभला म्हणाली. "पडदा वाचा. आता पुस्तक वाचा. आता माझ्याकडे बघा."

कौस्तुभने आधी पडदा पुसला. मग पुस्तकाचा मागचा पुठ्ठा उघडला, टिकलीच्या कडेला वाळलेला डिंक बघितला, आणि सगळ्यांनी एकदमच सॅन्टनकडे बघितलं.

"मामा?"

"काय?"

"हे तुम्ही केलंत?"

"यंत्राने केलं. त्याला विचार. सगळं त्यालाच विचारता ना?"

"मामा, मी सरळ विचारतोय."

"सरळ सांगतो. तुझ्या यंत्राला पुस्तक कळत नाही. मी बसून काय बघू? टिंग ऐकू?"

गर्दीत कुणीतरी हसलं. कौस्तुभचे कान लाल झाले. "हे बघा मामा. सगळ्या टिकल्या जागच्या जागी लावायच्या. आणि आत्ता, सगळ्यांसमोर, मॅडमना त्यांनी मागितलेलं पुस्तक तुमच्या हाताने द्यायचं. नीट द्यायचं, एक शब्द वाकडा न बोलता. तेवढं केलंत तर तक्रार मागे घ्यायची मी त्यांना विनंती करतो. नाहीतर खुर्ची उद्यापासून आत माळ्यावर."

सॅन्टन उठला. 'मळेकरांच्या बंगल्यातला मृत्यू' कुठे आहे ते त्याला शोधावं लागलं नाही. लपवणारा तोच. भजनांच्या पुस्तकातली टिकली सोडवून त्याने सगळ्यांसमोर ती तिच्या जागी लावली, पुस्तक यंत्रावर ठेवलं, सुमेधाचं कार्ड दाखवलं. टिंग. दोन्ही हातांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. सालोमीने जमावात उभ्याउभ्याच छातीवर क्रुसाची खूण केली. निभावलं म्हणायचं.

सुमेधाने पुस्तक घेतलं. आणि सॅन्टनला ते बघवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागितलेलं पुस्तक मागणाऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि ती ते अशी घेऊन निघाली होती जणू तिचंच होतं.

"वाचा हो आरामात," तो मागून म्हणाला. "खून माळ्याने केला."

कौस्तुभने कपाळावर हात मारला. "मामा!"

सुमेधा थांबली. वळली. तिच्या चेहऱ्यावर राग असायला हवा होता. होतं ते वेगळंच. पोस्टाच्या खिडकीवर चुकीचं पाकीट पुढे करणाऱ्या माणसाकडे बघतात तसं ती त्याच्याकडे बघत होती.

"कोण म्हणालं?"

"शेवटच्या पानावर त्याला बेड्या पडतात. स्वच्छ लिहिलंय."

"बेड्या पडतात. खून त्याने केलेला नाही."

"बेड्या काय हौसेने घालतात?"

"काका, तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवायला पुढे होतो. ते आधीच्या प्रकरणात आहे. मी चिपळूणला शाळेत असताना वाचलंय हे, दोनदा. म्हणून तर परत हवं होतं." तिने हातातलं पुस्तक मागून उघडलं. "तुम्ही फक्त शेवटचं पान वाचता का?"

गुरुजींनी आधी हसू दाबलं, मग दाबायचं सोडून दिलं. मायकलने मोठ्याने विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही सांगितलेले सगळे शेवट... त्या विहिरीतल्या बाईचं काय मग?"

"ती उडी घेत नाही रे," सालोमी म्हणाली. "पाय घसरतो तिचा. आणि तिला बाहेर काढतात, ते पहिल्याच पानावर आहे. मी वाचलंय."

सॅन्टनने खुर्चीचा हात धरला. "मग खून कोणी केला?"

"पुस्तक वाचा," सुमेधा म्हणाली.

"ते तुमच्या हातात आहे."

"माझ्या कार्डावर आहे. हवं असेल तर मागणी टाका." मग कौस्तुभला म्हणाली, "माझी काही तक्रार नाही. यांना काढलंत काय न् ठेवलंत काय, सारखंच."

कौस्तुभचा राग कधीच उतरला होता. त्याच्या तोंडावर आता दयाळूपणा पसरला होता, आणि राग परवडला असता. "जाऊ दे मामा," तो म्हणाला, आवाज खाली आणून, आजारी माणसाशी बोलतात तसा. "बसा तुम्ही. तुमची खुर्ची तुमचीच. बसून राहिलात तर कुणाचं काय जातं?"

सॅन्टन बसला नाही. खुर्ची वाचली होती, सगळ्यांसमोर, आणि तिच्याकडे बघताना त्याला वाटलं की ही आता वाचनालयातल्या कुंडीसारखी झाली. ठेवली तरी चालेल, हलवली तरी चालेल, पाणी कुणीही घालावं. ज्याला काढायचीही गरज उरली नाही त्याने कशावर बसायचं? लोकांनी हाकललं असतं तर तो बाहेर ओट्यावर बसून वर्षभर भांडला असता, मजेत. पण राहू दिलं होतं.

कमरेची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली. तशी त्या किल्लीने आता काहीच उघडत नव्हतं. टेबलाला वळसा घालून तो पलीकडे आला, वाचकांच्या बाजूला, जिथे तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. यंत्रापुढे आधीच रांग होती. हे सगळं बोलणं चाललेलं असताना गुरुजींनी, मायकलने, कमिटीतल्या दोघांनी आणि चर्चमधून आलेल्या बायकांनी एकामागून एक 'मळेकरांच्या बंगल्या'ची मागणी ठोकायला सुरुवात केली होती. टिंग, टिंग, टिंग. सॅन्टन सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पुढची बाई कार्ड उलटं धरत होती. त्याने हात पाठीमागे बांधले.

त्याची पाळी आली. यंत्राने कार्ड मागितलं. सॅन्टनपाशी कार्ड नव्हतं. त्याने घेतलंच नव्हतं, आपल्याच वाचनालयात आपण सभासद कशाला व्हायचं म्हणून.

सालोमीने पिशवीत हात घालून आपलं कार्ड काढलं आणि त्याच्या हातावर टेकवलं. "टाक माझ्यावर. आणि नीट धर, फोटो वर."

त्याने फोटो वर धरला. यंत्राने विचार केला आणि सांगितलं, की पुस्तक तुळिंजच्या सभासदाकडे आहे, तुमची मागणी नोंदवली आहे, तुमच्याआधी बरीच माणसं आहेत.

"बरीच म्हणजे?" सॅन्टनने यंत्राला विचारलं.

यंत्र गप्प. त्याने पुन्हा विचारलं, जरा आवाज चढवून. मग त्याच्या डोक्यावर चापट मारली.

"चल आता," सालोमी म्हणाली, दाराशी टोपली उचलत. "माझ्या फोनवर मेसेज येईल."

"कधी?"

"तुझा नंबर लागला की."

"तोवर मी काय करू?"

"केळीला पाणी लाव," ती म्हणाली, आणि चौकटीतून बाहेर पडली. तोही मागोमाग निघाला, रिकाम्या हाताने, आणि चौकट काही बोलली नाही.